सहाशे पंचवीसची गोळी : दोन औषधांचा एक कोर्स नीट कसा घ्यावा

‘भाऊ, सहाशे पंचवीस द्या, दहा गोळ्या.’ जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरमागे उभे राहून हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो. दाढ सुजलेली असते, कानातून पू येत असतो, सायनस भरलेला असतो, किंवा कपाशी उपटताना पऱ्हाटीचा खुंट पायात घुसून जखम चिघळलेली असते. अशा वेळी डॉक्टर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल यांची एकत्र गोळी लिहून देतात. ऑगमेंटिन, क्लॅव्हॅम, मॉक्सिकाइंड-सीव्ही ही नावे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, औषध मात्र एकच आहे. ६२५ हा आकडा गोळीची ‘पॉवर’ आहे असे बहुतेकांना वाटते. खरे तर ती बेरीज आहे : ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. ही बेरीज ध्यानात ठेवली, तर गोळी कशासोबत घ्यायची, कुठे ठेवायची आणि किती दिवस घ्यायची, यातले बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले जुने आणि चांगले औषध आहे. जिवाणूंनी त्यावर तोड काढली. पुष्कळ जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे एक विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ते कात्रीसारखे अमॉक्सिसिलिनच्या रेणूचे कडे तोडून टाकते. १९७० च्या दशकात बीचम या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांना स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस नावाच्या मातीतील एका जिवाणूपासून क्लॅव्हुलॅनिक आम्ल मिळाले. त्याची स्वतःची मारक शक्ती बेताचीच आहे, पण ते त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन कायमचे अडकते आणि अमॉक्सिसिलिनला आपले काम करता येते. १९८१ मध्ये या दोहोंची गोळी ब्रिटनच्या बाजारात आली. यातला अमॉक्सिसिलिन हा गडी दणकट आहे, त्याचा जोडीदार मात्र नाजूक आहे : त्याला ओल चालत नाही, ऊन सोसत नाही, आणि पोटालाही तोच जास्त छळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या आपल्या खानदेशात या जोडीदाराची काळजी घेणे म्हणजेच हे औषध सुरक्षितपणे घेणे होय.

डॉक्टरांसमोर काय सांगावे

पूर्वी पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा ‘सेफ’ने नाव सुरू होणाऱ्या (सेफॅलोस्पोरिन) वर्गातील एखादे अँटिबायोटिक घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ-डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का, हे चिठ्ठी लिहिली जाण्याआधी सांगावे. ‘मला गोळी सोसत नाही’ एवढे सांगून भागत नाही. एकदा जुलाब झाले होते, या अर्थानेही लोक तसे म्हणतात आणि अंग सुजून दवाखान्यात भरती व्हावे लागले होते, या अर्थानेही. पहिली गोष्ट त्रासाची आहे, दुसरी जिवावरची आहे, म्हणून नेमके काय झाले आणि गोळी घेतल्यापासून किती वेळाने झाले, ते सांगावे.

त्यानंतर यकृताबद्दल सांगावे. याच औषधाने पूर्वी कावीळ झाली असेल, तर ते पुन्हा घेऊ नये, यात तडजोड नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते किंवा दोन गोळ्यांतील अंतर वाढवावे लागते, म्हणून क्रिएटिनिनचा शेवटचा अहवाल जवळ ठेवावा. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम चालू असेल, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, याची) तपासणी मधेच करावी लागू शकते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर या अँटिबायोटिकमुळे ते शरीरात साचू शकते. युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल घेणाऱ्यांच्या अंगावर अमॉक्सिसिलिनने पुरळ उठण्याची शक्यता वाढते. गरोदरपण आणि अंगावर पिणारे बाळ या दोन्ही गोष्टी न विचारता सांगाव्यात. स्तनपान चालू असताना हे औषध सहसा देता येते, पण बाळाला पातळ शी होऊ शकते आणि ते आईला आधीच माहीत असलेले बरे.

लघवीच्या संसर्गासाठी औषध लिहिले जात असेल आणि कल्चरची (जिवाणू वाढवून ओळखण्याची) तपासणी सांगितली असेल, तर लघवीचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. दोन गोळ्या घेऊन मग लॅबमध्ये जाणारे पुष्कळ जण भेटतात, आणि मग अहवालात जिवाणू दिसत नाही, आजार मात्र तसाच राहतो.

साधी सर्दी, फ्लू आणि डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत आणि त्यांवर या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिले नाही म्हणून नाराज होऊन थेट दुकानात येणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि दर वेळी ते त्यांना पटतेच असे नाही. पाकिटावरील लाल उभी रेषा म्हणजे चिठ्ठीशिवाय न घेण्याचे औषध. २०१६ पासून केंद्र सरकारने त्या रेषेची मोहीमच चालवली होती.

दुकानात गोळ्या घेताना

चिठ्ठीवरील आकडे मोजून घ्यावेत. १-०-१ म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक, १-१-१ म्हणजे तीन वेळा. पाच दिवसांच्या १-०-१ ला १० गोळ्या लागतात, १-१-१ ला १५. ‘सध्या चार द्या, बरे वाटले नाही तर उरलेल्या नेतो’ असे म्हणण्यात पैशाची अडचण असते आणि ती मला कळते, पण त्याऐवजी डॉक्टरांनाच स्वस्त पर्याय विचारावा. याच घटकांची जेनेरिक गोळी जन औषधी केंद्रातही मिळते. पाकीट कापून दिले, तर मुदतीची तारीख कापलेल्या भागासोबत दुकानातच राहू शकते, म्हणून तारखेचा भाग आपल्याकडे मागून घ्यावा किंवा मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढावा. बिलही घ्यावे, त्यावर बॅच नंबर असतो.

आता माझीच एक चूक सांगतो. दुकानात नवा असताना ६२५ संपली होती, म्हणून एका गृहस्थांना मी ‘३७५ च्या दोन घ्या, थोडे जास्तच होईल’ असे सांगून मोकळा झालो. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. दोन गोळ्यांत अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० झाले, पण क्लॅव्हुलॅनिक आम्ल १२५ च्या जागी २५० गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ पोट धरून आले आणि त्यांनी मला मोजून चार शब्द सुनावले, ते बरोबरच होते. हीच गोष्ट १००० च्या गोळीची. तीत ८७५ अधिक १२५ असते, त्यामुळे ६२५ च्या दोन गोळ्या म्हणजे १००० ची एक, हा हिशेबही चुकतो. ६२५ अर्धी तोडून ३७५ चे काम भागवू नये. लिहिलेला आकडा मिळाला नाही, तर दुकानदाराने डॉक्टरांना फोन करावा, आणि तो करत नसेल तर आपण करावा.

दोन डॉक्टरांकडे उपचार चालू असतील, तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवाव्यात. दाताच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि घशाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने हेच औषध लिहिले आणि रुग्ण इमानदारीने दोन्ही घेत राहिला, असेही घडते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची नावे असतात. तीच खरी नावे, पुढचे मोठे नाव कंपनीचे.

जेवणाच्या ताटावर

ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. उपाशीपोटी नको, आणि जेवून तासाभरानेही नको. भाकरीचे एक-दोन घास पोटात गेले की ग्लासभर पाण्यासोबत गोळी गिळावी आणि जेवण पुढे चालू ठेवावे. असे केल्याने क्लॅव्हुलॅनिक आम्ल रक्तात जास्त चांगले उतरते आणि मळमळ कमी होते. सकाळी सहाला नुसता चहा पिऊन केळीच्या बागेत जाणाऱ्या मजुराने सकाळची गोळी चहाबरोबर घेऊ नये. ती पाकिटासह सोबत न्यावी आणि शिदोरी सोडल्यावर घ्यावी. कळण्याची भाकरी, खिचडी, वरण-भात यांपैकी काहीही चालते. या दिवसांत शेवभाजीची तर्री आणि ठेचा जरा लांब ठेवावा, कारण पोट आधीच नाजूक झालेले असते आणि मग दोष गोळीला लागतो. ‘ही गोळी गरम पडते’ म्हणून लोक सोबत ताक पितात. त्याला माझी हरकत नाही, या गोळीचे दुधा-ताकाशी वाकडे नाही.

गोळी मोठी आहे, काहींना गिळवत नाही. मधल्या रेघेवर तोडून दोन्ही तुकडे लगेच एकामागून एक घेता येतात, पण एक आत्ता आणि एक दुपारी असे करू नये. कुटून मधात कालवण्याआधी विचारावे, कारण काही गोळ्यांमधून औषध हळूहळू सुटत राहावे अशी त्यांची घडण असते आणि त्या मोडायच्या नसतात.

उपवास असेल, तर गोळी फराळासोबत घ्यावी, पण निर्जळी उपवास कोर्स संपेपर्यंत पुढे ढकललेला बरा. रोजे चालू असतील, तर डॉक्टरांना तसे सांगावे. दोन वेळांची मात्रा शक्य असेल, तर सहेरी आणि इफ्तार यांच्याशी ती जुळवता येते.

वेळापत्रक आणि विसरलेली गोळी

१-०-१ म्हणजे साधारण १२ तासांचे अंतर आणि १-१-१ म्हणजे ८ तासांच्या जवळपासचे. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री १० हे घरच्या जेवणाच्या वेळांशी बऱ्यापैकी बसते. सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला घेऊन रात्रभर पंधरा तासांची दरी सोडली, तर रक्तातील औषध उतरते आणि जिवाणूंना उसंत मिळते. मिनिटाचा हिशेब नको, तासाभराने काही बिघडत नाही.

एखादी गोळी विसरली, तर आठवताच काहीतरी खाऊन घ्यावी. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल, तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. भिंतीवरील कॅलेंडरवर प्रत्येक गोळीमागे एक टिकली करण्याची पद्धत मला मोबाइलच्या घंटेपेक्षा चांगली वाटते, कारण घरातल्या इतरांनाही ती दिसते.

उन्हाळा, ओल आणि सिरपची बाटली

गोळी खाण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवावी. आठवड्याच्या डबीत आधीच सोडून ठेवू नये, कारण जाड अॅल्युमिनियमचे आवरण हेच तिचे ओलीपासूनचे संरक्षण असते. मोटारसायकलची डिकी, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स, पत्र्याच्या छताखालचे फडताळ, चुलीजवळचा कोनाडा आणि न्हाणीघर या जागा वर्ज्य समजाव्यात. पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते, आणि मे महिन्यात भुसावळला तेवढे तापमान पहाटेच असते. घरातील सर्वांत थंड, कोरडी, जमिनीलगतची आतली खोली निवडावी. पाकीट माठाला टेकवून ठेवू नये, कारण तिथे गारवा असला तरी ओलही असते.

लहान मुलांच्या सिरपला यापेक्षा जास्त जपावे लागते. बाटलीत भुकटी असते. आधी बाटली आपटून भुकटी सुटी करावी. सोबत दिलेले पाणी, ते नसेल तर उकळून पूर्ण गार केलेले पाणी, आधी थोडे घालून जोरात हलवावे आणि फेस बसला की बाटलीवरील खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवावे. पाणी एकदम ओतले, तर तळाशी गुठळी राहते, सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी जाते आणि शेवटच्या चमच्यांत जास्त. झाकणावर पाणी मिसळल्याची तारीख लिहावी. त्यानंतर बाटली फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात ठेवावी, गोठू देऊ नये आणि ७ दिवसांनंतर उरलेले फेकून द्यावे. बरीच सिरपे ३० मिलिलिटरची असतात. ५ मिलिलिटर दोन वेळा द्यायचे असेल, तर एक बाटली तीन दिवसांत संपते, म्हणून पाच दिवसांना दोन बाटल्या लागतात. दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घालावे.

एका मे महिन्यात शेजारच्या खेड्यातील एक आजी अशीच एक बाटली माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, ‘भाऊ, नातवाला तीन दिवस पाजते आहे, कान अजून ठणकतोच आहे.’ मी झाकण उघडले. पांढरट असायचे औषध चहासारखे तपकिरी झाले होते आणि वास आंबूस येत होता. घरात फ्रिज नव्हता, म्हणून त्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या खोलीतील खिडकीत ठेवली होती. फडके दर दोन तासांनी भिजवत होत्या. त्यांच्या काळजीत काही कमी नव्हते, चूक माझी होती. पाणी मिसळून देताना घरी फ्रिज आहे का, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून विचारतो. नसेल, तर डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारी लहान मुलांची गोळी देता येते, नाहीतर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये एक कोपरा मागून घ्यावा. वीज गेली, तर फ्रिजचे दार उघडू नये.

मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, वयावरून नव्हे, म्हणून थोरल्या भावाची चिठ्ठी धाकट्याला चालत नाही. मोजण्यासाठी सोबतची टोपी किंवा सिरिंज वापरावी, घरातील चमचे एकसारखे नसतात. आणि दर वेळी देण्यापूर्वी बाटली हलवावी.

त्रास झाला तर

पातळ शौचाला होणे आणि मळमळ हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. दिवसातून दोन-तीनदा पातळ झाले, तर घाबरून औषध सोडू नये. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावे, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांनी, कारण घाम आणि जुलाब मिळून माणूस लवकर खचतो. पाण्यासारखे जुलाब वारंवार होऊ लागले, शौचात रक्त किंवा आव दिसली, पोटात कळा येऊन ताप चढला, तर जुलाब थांबवण्याची गोळी मनाने न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अँटिबायोटिकमुळे आतड्यातील चांगले जिवाणू मेल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा घातक जिवाणू माजू शकतो. हे कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही होऊ शकते. तोंडात पांढरे चट्टे किंवा योनीमार्गात खाज हा बुरशीचा त्रास असतो. त्यावर साधा उपचार आहे, स्त्रियांनी संकोचाने अंगावर काढू नये.

गोळी घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, धाप लागली किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर पुढची गोळी घेऊ नये आणि लगेच १०८ ला फोन करावा. अॅव्हिलची गोळी देऊन वाट पाहण्याची ही वेळ नव्हे. अंगावर फोड येणे, कातडी सोलणे, तोंड किंवा डोळ्यांत व्रण होणे, यांनाही हेच लागू आहे.

कावीळ वेगळी सांगावी लागते, कारण ती उशिरा येते. हिचे खापर मुख्यतः त्या नाजूक जोडीदारावर फोडले जाते आणि ती वयस्क पुरुषांत व लांबलेल्या कोर्सनंतर जास्त आढळते. गोळ्या संपून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लोटलेला असतो आणि मग अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात. घरचे लोक काविळीचे गावठी औषध शोधत फिरतात आणि महिन्यापूर्वीच्या दाढेच्या गोळ्या कोणाच्याच लक्षात नसतात. ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. म्हणूनच ती चिठ्ठी निदान दोन महिने फाडू नये.

कधी थांबावे

‘ताप ते उतरी गया, मंग आते गोया कसाले?’ (ताप तर उतरला, मग आता गोळ्या कशाला?) तिसऱ्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असे की ताप उतरणे म्हणजे जिवाणू संपणे नव्हे, आणि लिहिलेले दिवस पूर्ण करावेत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : जितके जास्त दिवस तितके चांगले, हा समज बरोबर नाही. अनेक संसर्गांत कमी दिवसांचे कोर्स पुरेसे ठरतात असे आता वैद्यकशास्त्र मानते, आणि गरजेपेक्षा लांबलेला कोर्स शरीरातील इतर जिवाणूंना औषध पचवायला शिकवतो. म्हणून दिवस कमी करायचे असोत वा वाढवायचे, तो निर्णय डॉक्टरांचा असावा. दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही किंवा सूज वाढली, तर उरलेल्या गोळ्या मोजत न बसता परत दाखवावे. कधी पू काढावा लागतो, कधी औषधच बदलावे लागते.

सगळ्याच जोडगोळ्यांना हे नियम लागू पडत नाहीत. जुलाबांसाठी दिली जाणारी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल घेताना आणि त्यानंतर किमान तीन दिवस दारू वर्ज्य ठेवावी. अँटासिड, लोह आणि झिंक यांच्यात आणि तिच्यात दोन तासांचे अंतर असावे. तिच्याने कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून शेतात अंग झाकावे. घोट्यामागची शीर दुखू लागली, तर गोळी थांबवून कळवावे, आणि मधुमेहींनी साखर उतरते का याकडे लक्ष द्यावे. को-ट्रायमॉक्सॅझोल ही सल्फाची जोडगोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि सल्फाची अॅलर्जी किंवा जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असेल तर आधी सांगावे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातील ज्या कुटुंबांत सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी सिकलसेलचे कार्ड प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे ठेवावे.

डॉक्टरांनी मधेच औषध बदलले आणि चार गोळ्या उरल्या, तर त्या पुढच्या खेपेसाठी डब्यात ठेवू नयेत, शेजारणीच्या दाढेला देऊ नयेत, आणि गाईच्या कासेच्या दाहावर तर मुळीच देऊ नयेत. त्यासाठी जनावरांचे डॉक्टर आहेत, आणि त्या गाईचे दूध घरातली मुले पितात. गोळ्या गटारीत किंवा उकिरड्यावर न टाकता दुकानात किंवा सरकारी दवाखान्यात विचारून तिथे जमा कराव्यात. गोळीने अंगावर काही उठले असेल, तर औषधातील घटकांची नावे, तारीख आणि झालेला त्रास एका कागदावर लिहून तो आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावा. पुढच्या वेळी बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेले, तर तोच कागद आधी सापडतो.